‘जॉइन’चे गोत्र



वसंत ऋतूतल्या व्याख्यानाला इंग्रजी भाषेतला एक चार-पाच अक्षरी शब्द विषय म्हणून घ्यावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु तो शब्द इंग्रजीत राहिला आहे कोठे? शेजारचा मुलगा बँकेत जॉइन होतो, सूनबाई शिवणाचा क्लास जॉइन करतात, आजोबांना नातू मोबाइलवरचा ग्रुप जॉइन करून देतो. उद्यमनगरातला मिस्त्री पाइपाचा जॉइंट गळतो म्हणून सांगतो आणि डॉक्टर गुडघ्याचा जॉइंट झिजला म्हणून सांगतात. पुण्या-मुंबईची गाडी आम्हां कोल्हापूरकरांना घेऊन निघते, ती प्रथम मिरज जंक्शनात शिरते. जंक्शन हेही त्याच शब्दाचे भावंड. 1891 साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून हे भावंड आपल्या तोंडी आहे. कोल्हापूर हे टर्मिनस. जगाशी जोडले जायचे तर मिरजेला जाणे आले!

या शब्दाविषयी आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, हा परक्यांचा शब्द आहे, त्याला हाकलून द्या. दुसरे म्हणतात, परका कसला? आपल्या संस्कृतातल्या ‘युज्’ धातूवरूनच साहेबाने तो उचलला. घरचाच मुलगा परत आला आहे. पहिल्यांना राग येतो, दुसऱ्यांना अभिमान वाटतो. आणि दोघांचाही आधार एकच, तो म्हणजे शब्दाचे कूळ. तेव्हा कूळच पाहिलेले बरे.

इंग्लंडवर 1066 साली नॉर्मन लोकांनी स्वारी केली आणि पुढे दोन-तीनशे वर्षे तिथल्या दरबाराची, न्यायालयांची भाषा फ्रेंच राहिली. त्या काळात फ्रेंच शब्दांची जी रीघ इंग्रजीत लागली तिच्यात ‘जॉइन’ आला. फ्रेंचमध्ये तो ‘ज्वांद्र’ असा आहे. फ्रेंचांना तो लॅटिनपासून मिळाला, आणि जुने रोमन लोक त्याचा उच्चार करीत ‘युंगेरे’. अर्थ जोडणे. या क्रियापदाच्या शेजारी लॅटिनात एक नाम उभे आहे, ‘युगुम’. त्याचा अर्थ बैलांच्या मानेवरचे जू.

इथे आपल्या शेतकरी मंडळींचे कान टवकारले असतील. लॅटिन युगुम, संस्कृत युग, ग्रीक झुगोन. आणि आशिया मायनरमध्ये मातीच्या विटांवर लिहिली गेलेली, विसाव्या शतकात उलगडलेली हित्ती भाषा, तिच्यात युकन. सर्वांचा अर्थ जू. इंग्रजीतही या घराण्याचा एक शब्द आहे, जो फ्रेंचांच्या हातून आलेला नव्हे, तर अँग्लो-सॅक्सन शेतकऱ्याच्या तोंडचा आहे. तो म्हणजे ‘योक’. म्हणजे इंग्रजीत एकाच मुळाचे दोन शब्द दोन वाटांनी आले: एक नांगराबरोबर, दुसरा दरबाराबरोबर. आपल्याकडेही तसेच झाले आहे. शेतात राहिले ते ‘जू’. पोथीत, कचेरीत गेले ते ‘युक्त’, ‘योग’ आणि ‘संयोग’.

आता एक गंमत पाहण्याजोगी आहे. जू आणि जॉइन, दोन्हींच्या आरंभी ज. सामान्य माणूस या ज-कारावरच बोट ठेवून नाते सांगेल. आणि तो चुकेल, कारण नाते खरे असले तरी हा पुरावा खोटा आहे. संस्कृतात शब्दारंभी असलेल्या य चा प्राकृतात ज झाला, आणि प्राकृतातून तो मराठीला मिळाला. आपण चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जातो ती ‘यात्रा’ची जत्रा. दळणाचे जाते हे ‘यंत्र’. ‘यव’ म्हणजे जव. गुढग्यापर्यंत कफनी घालून दारी येणारा जोगी म्हणजे योगी. आणि ‘खाण्याजोगे’, ‘पाहण्याजोगे’ यांतला जोगा म्हणजे योग्य. त्याच नियमाने ‘युग’चे जू झाले. इकडे हे घडले, आणि हजारो मैलांवर, याच्याशी काडीचाही संबंध नसताना, लॅटिनची फ्रेंच होत असता तिथल्या लोकांच्या तोंडीही य चा ज झाला. युंगेरेचा जॉइन तसा झाला. दोन भाऊ लहानपणीच ताटातूट होऊन दोन मुलुखांत वाढावेत आणि दोघांनीही म्हातारपणी एकसारखीच पगडी घालावी, तसे हे आहे. पगडीवरून भाऊ ओळखायचे नसतात. खरी ओळख पटवतो तो ‘योक’, ज्याने आपला मूळचा य सोडलेला नाही, पण ग सोडला आहे.

त्या ग चेही कोडे सुटलेले आहे. संस्कृतात ग असेल तिथे इंग्रजीच्या जर्मन शाखेत क येतो: युग आणि योक, गो आणि काउ. द असेल तिथे त येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन. हे असे ओळीने येते, लहरीने येत नाही. एकोणिसाव्या शतकात याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 साली या नियमांची मांडणी केली. त्यापूर्वी 1786 च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी असे मत मांडले होते की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाने होण्याइतके थोडे नाही; या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज शिल्लक नसेल.

शेवटचे वाक्य आपल्याकडे फार वेळा गाळले जाते. जोन्सने संस्कृतची थोरवी गायिली, एवढे आपण लक्षात ठेवले. संस्कृत ही आई असे तो म्हणाला नव्हता, बहिणीच म्हणाला होता, हे विसरलो. संस्कृत ‘युज्’मधून लॅटिन ‘युंगेरे’ निघालेले नाही, जसे ‘युंगेरे’मधून ‘युज्’ निघालेले नाही. दोन्ही एका तिसऱ्या, नामशेष झालेल्या बोलीची लेकरे. ती बोलणारे लोक पांगण्यापूर्वी बैल जुंपू लागले होते, एवढे हा शब्दच आपल्याला सांगतो. आम्हांला या गोष्टीत अभिमान गमावल्याचे दुःख होत नाही. चुलत्याच्या घरी गेलो असता ‘हे घर आमच्या बापाने बांधले’ असे सांगत सुटणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही.

आणि ज्यांना दिसण्यावरून नाते जुळवायचा मोह होतो, त्यांच्यासाठी मराठीने एक चांगला सापळा लावून ठेवला आहे. ‘जोडणे’ हा आपला शब्द. जॉइनचा नेमका अर्थ तोच, तोंडवळाही तोच. तेव्हा युज् पासून जोड झाला असे म्हणून मोकळे व्हावे की नाही? होता येत नाही. युज् मधल्या ज् चा मराठीत ड होण्याची वाट नेहमीच्या नियमांत सापडत नाही. म्हणून अभ्यासक ‘जोड’साठी निराळे मूळ मानतात, आणि धातुपाठात ‘बांधणे’ या अर्थाचा ‘जुड्’ असा धातू दिलेलाही आहे. उलट ‘जुळे’ हा शब्द पाहा. तो ‘युगल’पासून आलेला, म्हणजे जुवाचा सख्खा पुतण्या; पण पाळण्यातल्या दोन लेकरांकडे पाहून कोणाला बैल आठवतात? व्युत्पत्तीच्या क्षेत्रात डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याची फार फसगत होते. कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा व्युत्पत्तिकोश घरात असेल तर एखाद्या पावसाळी दुपारी चाळून पाहावा. कादंबरीहून कमी करमणूक होत नाही.

युज् धातूचा आपल्याकडील संसार मात्र केवढा मोठा! युक्ती, योग्य, उपयोग, प्रयोग, वियोग, उद्योग ही सारी त्याचीच मुले. (उद्यमनगरातला ‘उद्यम’ मात्र वेगळा, तो ‘यम्’चा, उद्योगाशी त्याची मैत्री आहे, रक्त नाही.) ‘योजन’ म्हणजे एका जुंपणीत जाता येईल एवढे अंतर. पतंजलीचा योग पुष्कळ जण या जोडण्यातच धरतात. पण व्याकरणकारांनी ‘जोडणे’ या अर्थाचा एक आणि ‘समाधी’ या अर्थाचा दुसरा असे दोन युज् सांगितले आहेत, आणि भाष्यकारांचा कल दुसऱ्याकडे आहे. दिल्लीत 1950 साली स्थापन झालेला योजना आयोग 2015 साली जाऊन त्याच्या जागी नीती आयोग आला. त्या जुन्या नावातले ‘योजना’ आणि ‘आयोग’ हे दोन्ही शब्द युज् चेच. इतकी वर्षे त्या कचेरीच्या पाटीवर बैलजोडी उभी होती आणि एकाही सचिवाच्या ती ध्यानात आली नसेल!

आता त्या परकेपणाच्या तक्रारीकडे वळू. या बाबतीत कोल्हापूरला बोलण्याचा अधिकार आहे, कारण मराठीतील भाषाशुद्धीचा एक कडवा पुरस्कर्ता याच गावात राजाराम कॉलेजात शिकवीत होता. माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधव त्र्यंबक पटवर्धन. फार्सीचा गाढा पंडित. 1925 साली फार्सी-मराठी कोश त्यांनी केला, गज्जल मराठीत रुजविली. आणि त्याच माणसाने 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून फार्सी, अरबी आणि इंग्रजी शब्दांना दार दाखविले. ज्याला परका शब्द मुळापासून माहीत होता त्यानेच त्याला नको म्हटले, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मराठी शब्द हाताशी असता इंग्रजी शब्द वापरण्यात आळस असतो, हे त्यांचे म्हणणे आम्हांलाही मान्य आहे.

परंतु ‘जॉइन’च्या जागी मराठीत काय म्हणावे, हे पाहू लागलो की पाय अडखळतो. नोकरीवर जॉइन होण्याला सरकारी मराठीत शब्द आहे ‘रुजू होणे’. चांगला, जुना, कचेरीत मुरलेला शब्द. पण तो अरबी! ‘रुजू’चा मूळ अर्थ परत येणे. कागदपत्रे ताडून पाहण्याची ‘रुजुवात’ त्याचीच. म्हणजे कुळावरून निवाडा करायचा तर सरकारने अरबस्तानातल्या पाहुण्याला पाटावर बसविले आणि चुलतभावाला उंबऱ्याबाहेर ठेवले. तरीही आम्हांला ‘रुजू झालो’ हे ‘जॉइन झालो’पेक्षा अधिक मराठी वाटते, आणि आपल्यालाही वाटत असावे. तेव्हा शब्द आपला की परका, हे त्याच्या गोत्रावर ठरत नाही. किती पिढ्यांनी तो तोंडात घोळवला, त्याला मराठीचे प्रत्यय किती सहज लागतात, त्याच्यावर एखादी म्हण बसली की नाही, यावर ते ठरते. ‘जॉइंट’ मिस्त्रीच्या हाताखाली बसला आहे. तो आता जाणार नाही. ‘क्लास जॉइन करणे’ अजून पाहुणचारावर आहे. तिथे ‘शिवण शिकायला जाते’ म्हटले तर काय बिघडते?

इथवर भाषेची गोष्ट झाली. पण जुवाला आणखी एक बाजू आहे आणि ती बाजू कोल्हापूरसारख्या उसाच्या मुलुखात झाकून चालणार नाही.

ख्रिस्तपूर्व 321 साली सॅम्नाइट लोकांनी डोंगरातल्या एका खिंडीत रोमन सैन्याला कोंडले. त्याला मारले नाही. भाल्यांचे एक जू उभारले आणि प्रत्येक रोमन शिपायाला वाकून त्याखालून जायला लावले. इंग्रजीत जिंकून अंकित करण्याला ‘सब्जुगेट’ म्हणतात, त्याचा अक्षरशः अर्थ जुवाखाली आणणे. म्हणजे ज्या मुळातून जोडणे निघाले त्यातूनच मान वाकविणे निघाले. बैलाला विचारून कोणी जू ठेवीत नाही, हे या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहे. मराठीतही ‘जुंपणे’ म्हटले की बैल जुंपणे येते, माणसाला कामाला जुंपणे येते, आणि दोघांत जुंपली म्हटले की भांडण येते.

इंग्रजीत दांपत्यजीवनाला जो ‘कॉन्ज्युगल’ असा भारदस्त शब्द आहे तोही याच घराण्यातला: एकत्र जोडलेले, एका जुवाखालचे. आपला ‘दांपत्य’ हा शब्द तसा नाही, त्यात घराचे धनीपण आहे. पण दरवर्षी दिवाळीनंतर मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ऊसतोडणीची मंडळी आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात, त्यांच्यात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला; माणसाला नव्हे. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. बाई बाळंत होणार असली, आजारी पडली, आणि फडात आली नाही, तर तो खाडा जोडप्याच्या नावावर पडतो. पहाटे थंडीत ऊस भरलेली गाडी ओढणारी बैलजोडी आणि मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणारे हे जोडपे, यांत कोणाच्या मानेवरचे जू अधिक जड आहे, हे कारखान्याच्या रस्त्याला राहणाऱ्यांनी पाहिलेले आहे. ‘कॉन्ज्युगल’ शब्दाचा अर्थ इंग्रजी कोशात शोधण्यापेक्षा तो करवीर तालुक्यातल्या उसाच्या फडात लवकर कळेल.

मग जोडणे आणि दडपणे यांत फरक कुठे? आम्हांला वाटते, त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातल्या दोन शब्दांत सापडते. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेले. त्याला शब्द वापरला गेला ‘विलीनीकरण’. लीन होणे, विरघळणे. मीठ पाण्यात जाते तसे. आणि मराठी मुलखाचे एक राज्य व्हावे म्हणून ज्यांनी चळवळ केली, 1956 साली समिती स्थापली, त्यांनी शब्द घेतला ‘संयुक्त’. सम् आणि युज्. 1 मे 1960 ला ते राज्य झाले तेव्हा नावातून ‘संयुक्त’ गळाले आणि नुसते महाराष्ट्र राहिले, पण मागणी ज्या शब्दाने केली तो शब्द जोडण्याचा होता, विरघळण्याचा नव्हता. जुवाखाली दोन बैल असतात आणि दिवस मावळला तरी दोनच राहतात. विदर्भ विदर्भ राहील, कोकण कोकण राहील, करवीर करवीर राहील आणि ओढायचे ते ओझे एक, असा त्या शब्दाचा वायदा आहे. तो किती पाळला गेला याचा हिशेब विदर्भातली मंडळी अजून मांडीत असतात.

देवनागरी लिपीनेही हा भेद टिपून ठेवला आहे. जोडाक्षरालाच संयुक्ताक्षर म्हणतात. ‘संयुक्त’ या शब्दाच्या शेवटी जो ‘क्त’ आहे त्यात क अर्धा झाला आहे. शेजाऱ्यासाठी त्याने आपला स्वर सोडला. तरी तो क आहे हे पहिलीतले पोरही ओळखते. पण ‘ज्ञ’ पाहा. ज् आणि ञ मिळून तो झाला, आणि आज त्यात ज दिसत नाही, ञ दिसत नाही, आणि मराठी माणूस त्याचा उच्चार तिसराच करतो. ‘क्त’ हे संयुक्त आहे, ‘ज्ञ’ हे विलीन. भाषा शिकविणाऱ्यांनी मुलांना हा फरक दाखवावा, त्यांना नागरिकशास्त्राचाही एक धडा त्यातच मिळेल.

आणि जे जोडले गेलेच नाहीत त्यांचे काय? 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. निपाणी येथून चाळीस किलोमीटरच्या आसपास. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला तिथली माणसे इकडे येतात. 1966 साली त्या प्रश्नावर महाजन आयोग नेमला, 1967 साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो मानला नाही, आणि 2004 साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘आयोग’ हा शब्द युज् चा आहे हे मघाशी सांगितलेच.

सीमेच्या दोन्ही बाजूंना जू मात्र एकाच लाकडाचे करतात. मराठीत त्याला जू म्हणतात, कानडीत नोग. आपल्या जिल्ह्यात बेंदूरही दोन होतात: ज्येष्ठातल्या पौर्णिमेला कर्नाटकी, आणि आषाढात महाराष्ट्रीय. काही गावे एक पाळतात, काही दुसरा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, आणि खांदेमळणी करतात, म्हणजे जू जिथे टेकते तिथे हळद आणि लोणी चोळतात. ज्यांच्या घरी अजून बैल आहेत अशा श्रोत्यांना आमची एक विनंती आहे. जुवाची शिवळ, जुपणी आणि बाकीच्या भागांची आपल्या गावातली नावे या बेंदराला म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्यावी आणि कागदावर लिहून ठेवावी. ट्रॅक्टरला शिवळ नसते, आणि पुढच्या वीस वर्षांत हे शब्द सांगणारे कोणी उरेल की नाही, शंका आहे. कागद आम्हांला पाठविला नाही तरी चालेल. गावच्या वाचनालयात ठेवावा.